पहिल्या बोलीला शिवप्पा हाव म्हणत नाहीत

देगलूरच्या बैलबाजारात शिवप्पांनी चाळीस वर्षं दलाली केली, ती टॉवेलाखाली. दलाल आणि गिऱ्हाईक, दोघांचे हात टॉवेलाखाली, भाव बोटांवर, तोंडातून अवाक्षर नाही. त्यामुळे हा भला माणूस कधी बहिरा झाला, ते बाजाराला कळलंच नाही. सहा वर्षांची नात सुकन्या रोज त्यांच्या कानाला लागून गुपितं सांगायची. शिवप्पा मान डोलवायचे आणि मागाहून हिरमुसून बसायचे. मरायच्या आत एक तरी गुपित ऐकायचं, एवढंच त्यांचं मागणं.

मुलाच्या नोकरीमुळे आईबापांचा विमा होता. शिवगंगाबाईंनी नवऱ्यासाठी आधी लातूरच्या एका दवाखान्यात फोन लावला. तिथे विमा चालत होता, पण पेशंट चोवीस तास भरती हवा. "कान तपासायला खाटंवर झोपायचं व्हय?" म्हणत बाईंनी फोन ठेवला आणि विमा कंपनीलाच गाठलं.

"पेशंटशी बोलल्याशिवाय माहिती देता येत नाही. त्यांना फोन द्या," तिथली मुलगी म्हणाली.

"आगं माय, ह्यांना फोनवर ऐकू येत असतं तर तुला कशाला तरास दिला असता?"

शेवटी नांदेडला नाझनीन मॅडम सापडल्या. कान तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट, आणि त्यांच्याकडे विमा चालायचा. त्यांनी शिवप्पांना काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. आवाज आला, शिवप्पा गप्प. आवाज वाढला, शिवप्पांनी मिशीवरून हात फिरवला. रिपोर्ट निघाला ठार बहिऱ्याचा. कानाच्या यंत्राचा उपयोग नाही, म्हणजे विमाही नाही.

"आवो, आवाज आला का न्हाई?" शिवगंगाबाई कानाशी ओरडल्या.

"आला की! पन वाढून राहिला होता. पहिल्या बोलीला हाव म्हनंल तो दलाल कसला?"

मॅडमनी कपाळावर हात मारला. मग शिवप्पांच्याच टॉवेलाखाली त्यांचा हात धरून मोठ्यानं सांगितलं, "चाचा, इथं भाव एकच. वाढणार न्हाई."

पुन्हा तपासणी झाली. खरा रिपोर्ट आला, विमा मंजूर झाला, यंत्र कानात बसलं.

घरी पोचताच शिवप्पांनी नातीपुढे कान केला. "सांग गं माय, गुपित."

सुकन्येनं यंत्र निरखलं. "आबा, आता तुला ऐकू येतंय न्हवं? मग न्हाई सांगत."

शिवप्पांचा चेहरा उतरला. मला तर त्या पोरीचा रागच आला. मग त्यांनी यंत्र काढून खिशात ठेवलं आणि पुन्हा कान पुढे केला.

नात बराच वेळ सांगत होती. शिवप्पा मान डोलवत होते.