साइड स्टँडवर बांधलेली बाईक

मंडळी, आज माझी बाईक ऑटोबानवर, म्हणजे इथल्या जर्मन हायवेवर, आडवी व्हायची वाचली.

ड्रेस्डेनहून एर्लांगेनला घर हलवतोय. भाड्याच्या ट्रेलरवर बाईक साइड स्टँडवर उभी केली आणि सीटवरून दोन पट्टे आवळले. पुण्यात टेम्पोतून अशीच नेतो की आपण! फक्त तिथे माझा मित्र निल्या मागे बाईक धरून बसायचा.

खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजोबांनी येऊन बाईकला एका हाताने धक्का दिला. ती डुलली.

"आल्झो... हे बघ, पहिल्याच ब्रेकला स्टँड मिटेल," म्हणाले आणि सगळं सोडायला लावलं.

स्टँड वर घेतला, पुढचं चाक ट्रेलरच्या समोरच्या दांड्याला टेकवलं. हँडलच्या दोन्ही बाजूंचे पट्टे पुढे-खाली ओढले, शॉकअप अर्धे दबेपर्यंत. मागचं चाकही बांधलं. मी ऑफिसात दिवसभर शॉकअपचीच गणितं करतो, पण हे सुचलं नव्हतं!

"आता ढकल."

ढकलली तर अख्खा ट्रेलर हलला, बाईक नाही.

सुखरूप पोचलोय. पण वाटेत सारखा निल्या आठवत होता. टेम्पोत बाईक कलली असती, तर त्याच्याच अंगावर आली असती. आणि आम्ही पुढे केबिनमध्ये गाणी लावून बसायचो.

तुमच्या टेम्पोत मागे कोण बसायचं?