गुडघे स्वच्छ, तळवे काळे

मंडळी, आज दुपारी मी घरच्यांवर संशय घेतला आणि तो खरा निघाला.

मी सुरतजवळ सचिन नावाच्या गावातल्या एका कारखान्यात कापड तपासतो. बारा तासांची पाळी. कापडाच्या अख्ख्या ताक्यातला बारीकसा डागही माझ्या नजरेतून सुटत नाही. आमची परी अकरा महिन्यांची. मी निघतो तेव्हा ती झोपलेली, परततो तेव्हाही झोपलेली. रोज विचारतो, "चालली का?" बायको म्हणते, "अजून नाही हो."

आज सुट्टी होती. परीला मांडीवर घेतलं तर गुडघे स्वच्छ आणि पायाचे तळवे काळेकुट्ट! रांगणाऱ्या पोरीचे?

"ही चालायला लागलीये ना?" मी विचारलं.

बायको खाली मान घालून पीठ मळत राहिली. आई म्हणाली, "काय बी बोलस तू!" पण इतक्या घाईने म्हणाली की माझी शंका आणखीच वाढली.

मग आईनेच परीला भिंतीशी उभं केलं. "देखूत, आज चालस का!"

परी निघाली. वाटेतल्या गॅस सिलिंडरला ऐटीत वळसा घालून थेट माझ्याकडे आली. पहिल्यांदा चालणारं पोर असं वळतं होय?

"बघा, तुमच्यासमोरच पहिल्यांदा चालली!" बायको म्हणाली. माझ्याकडे न बघता.

एवढ्याशा डागासाठी ताका बाजूला काढणारा मी. आज मात्र हा ताका डागासकट पास केला. टाळ्याही मीच सगळ्यात जोरात वाजवल्या.

आता खरं सांगा, तुमच्या लेकराचं पहिलं पाऊल तुम्ही पाहिलं होतं, की तुमच्यासाठी कुणी राखून ठेवलं होतं?