पितळी इंजिनाचा कारागीर

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो कल्याणच्या इंजिनशेडमधल्या एका फिटरकाकांचा. घरी हौसेने पितळेचं छोटं इंजिन घडवताना ते प्रत्येक सांध्याला कान लावत. मला म्हणत, "अरे बी.ए., पुस्तक मिट, कान इकडे दे!"

ठाण्याच्या प्रदर्शनात ते इंजिन मांडताना मी चिठ्ठीवर कारागीर म्हणून स्वतःचं नाव लिहिलं. काका आले, त्यांनी चिठ्ठी वाचली. तेवढ्यात लोकांसमोर चालू असलेल्या इंजिनाच्या सांध्यातून वाफ गळू लागली आणि मला काही सुचेना. काकांनी उपरण्याचा दोरा काढून, तेलात भिजवून सांध्याला गुंडाळला.

"रावसाहेबांनी सांगितलं तसंच केलं हो," माझ्याकडे बोट दाखवत ते लोकांना म्हणाले.

मी त्यांना लिहिलं: "तीर्थस्वरूप काकांस साष्टांग नमस्कार. चिठ्ठीवर आता तुमचं नाव आहे. मी खोटं लिहिलं होतं, हे विचारील त्याला सांगतो. तुमच्यासमोर उभं राहायचं धाडस मात्र होत नाही."