टँकर रिकामा होईपर्यंत

आमच्या टँकरवाल्या तात्यांइतका अंतराळात फिरलेला माणूस जत तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि पुढं होईल असंही वाटत नाही. मंगळ, शनी, चंद्राची पाठची बाजू, सगळीकडं ते जाऊन आले. आणि हा सगळा प्रवास त्यांनी दुसऱ्या गिअरमध्ये केला. तिसरा पडतच नव्हता. उन्हाळ्यात वाड्यावस्त्यांवर पाण्याचा टँकर न्यायचा ही त्यांची नोकरी, आणि विज्ञानकथा लिहिणं हे खरं काम, असं ते स्वतःच सांगायचे. त्यांच्या त्या छोट्या छोट्या गोष्टींचं पुस्तक त्यांच्या वर्षश्राद्धाला निघालंच पाहिजे, असं मी ठरवलंय. मी आठवीतनं शाळा सोडलेला, लांब सेलमला गलाईच्या दुकानात सोनं आटवत बसणारा माणूस. पुस्तकाच्या सुरुवातीला कुणा मोठ्या माणसानं चार शब्द लिहायची रीत असते म्हणे. मोठा माणूस मिळाला नाही. काकी, म्हणजे तात्यांची मंडळी, म्हणाल्या, "तूच लिव. चुकलं तर ते काय आता बघाय येत न्हाईत." तरी भीती वाटतेच. तात्यांचा भरवसा नाही.

त्यांची लिहायची पद्धत अशी. वस्तीवरच्या कोरड्या विहिरीत पाईप सोडला की टँकर रिकामा व्हायला वीसेक मिनिटं लागतात. तेवढ्यात तात्या चाकाच्या सावलीत बसून, खेपांच्या जुन्या कागदांच्या कोऱ्या पाठीवर एक गोष्ट लिहायचे. पाणी संपलं की गोष्ट संपली पाहिजे, हा नियम. त्यामुळं त्यांची एकही गोष्ट दोन पानांच्या वर गेली नाही. एकदा पाईपला भोक पडून पाणी चाळीस मिनिटं चाललं, तेवढी एक साडेतीन पानांची आहे. गोष्टींतलं अंतराळ मात्र आमच्याच बाजूचं. शनीभोवतीचं कडं म्हणजे पाण्यासाठी लावलेल्या घागरींची रांग. लांबनं चमकतं, कारण बायकांनी घागरी चिंचेनं घासलेल्या. गाडी सुरू करतानाही ते दहापासून उलटे आकडे मोजायचे. यानाची रीत म्हणून नव्हे. दहा मोजल्याशिवाय इंजिनच धरत नसे. वस्तीवरची पोरंबाळं, म्हाताऱ्या, सगळी बरोबर मोजायची. आमच्या आज्जीला मरेपर्यंत आकडे उलटे यायचे, सुलटे नाही.

प्रत्येक खेपेची नोंद करायला लॉगबुक असतं आणि त्यात शेऱ्याचा रकाना असतो. कोरा रकाना तात्यांना बघवत नसे. एकदा त्यांनी लिहिलं, 'मंगळ. रस्ता खराब, माणसं चांगली.' हापिसातनं लेखी विचारणा आली, की मंगळ ही वस्ती मंजूर यादीत नाही, खेप कुणाच्या परवानगीनं टाकली? तात्यांनी खाली उत्तर लिहिलं, 'यादीत घ्यावी ही विनंती. तिथंबी पाणी न्हाई.' पुढं टँकरला जीपीएस बसवायचं ठरलं तेव्हा बाकीचे ड्रायव्हर चिडले. तात्यांनी टँकर धुतला, हार घातला, स्वतः दाढी केली आणि त्या दिवसापासून खिडकीतनं तंबाखू थुंकायची बंद केली. "गड्या, उपग्रह बघतोय वरनं. त्याला काय वाटंल?"

मी शाळा सोडून सेलमला निघालो तेव्हा सगळ्यांनी मला शिव्या घातल्या. एकट्या तात्यांनी घातल्या नाहीत. मला केबिनमध्ये बसवून फाट्यापर्यंत सोडलं आणि म्हणाले, "शाळा सोडलीस ती बरी का वाईट, मला ठावं न्हाई. पर वाचायचं सोडलंस तर तुझ्या वस्तीवर टँकर थांबवायचा न्हाई, बघ." मी घाबरलो. पंधरा वर्षांचा होतो, मला खरंच वाटलं की माझ्यामुळं आईला पाणी मिळणार नाही. पुढं हातात फोन आल्यावर ते प्रत्येक गोष्टीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे, आणि मी ती मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करून परत पाठवायची. अडखळलो की उत्तर यायचं, "पुन्यांदा." भट्टीचा आवाज मागं आणि मी मुशीशेजारी बसून शनीवरची गोष्ट वाचतोय, आमच्या शेटला वाटायचं मी काहीतरी जप करतो. आज हे लिहिता येतंय ते त्या 'पुन्यांदा'मुळं. फोन केला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय रं, तिकडं गुरुत्वाकर्षण कसं हाय?" सुरुवातीची वर्षं मी म्हणायचो, "लय जड हाय, तात्या."

गोष्टींत एकच खोट होती. कागदावर शेवट नसायचा. पाणी संपत आलं की ते लिहिणं थांबवायचे आणि पाईप गुंडाळता गुंडाळता शेवट समोरच्या बायकांना तोंडी सांगायचे. मी फोनवर विचारला की म्हणायचे, "शेवट समक्ष. गावाकडं ये." मी दिवाळीला जायचो तेव्हा टँकर बंद असायचे, आणि पाण्याशिवाय तात्यांना काही आठवायचं नाही.

गेल्या वैशाखात त्यांनी एका वस्तीवर टँकर रिकामा केला, पाईप गुंडाळला, सीटवर बसले ते बसलेच. काकींनी गोष्टींचे कागद पिठाच्या डब्यात जपून ठेवले होते. त्रेसष्ट गोष्टी, आणि शेवट एकीलाही नाही. मी शेटकडनं महिन्याची रजा काढली आणि मोटारसायकलवरनं तात्यांच्या खेपेच्या वाटेनं निघालो. शेवट गोळा करायला.

तिथं नवाच घोटाळा. शनीच्या रांगेच्या गोष्टीत पाणी शेवटच्या घागरीपर्यंत पोचलं, असं एका वस्तीनं सांगितलं. शेजारच्या वस्तीवर नंबरावरनं भांडणं चालायची, तिथं पाणी बरोबर भांडणाऱ्या बाईच्या घागरीपाशी संपलं होतं. ती बाई अजून रागात होती. "आवं, आमच्याच शेवटाला आटलं व्हय पानी?" सीमेजवळच्या कानडी बोलणाऱ्या म्हातारीला मी गोष्ट वाचून दाखवली, तर ती मलाच विचारायला लागली, "मुंदेनु?" पुढं काय? मी म्हटलं, आज्जी, तेच तर विचारायला आलोय! तेव्हा ती हसली, आणि तिनं तिसराच शेवट सांगितला.

सांगलीचे छापखान्याचे मालक सगळं ऐकून म्हणाले, "हे बघा, पुस्तकात एका गोष्टीला एकच शेवट असतो. एक धरा, बाकीचे सोडून द्या." एरवी मी असल्या माणसांपुढं मान हलवून मोकळा होतो. त्या दिवशी मात्र म्हणालो, "साहेब, कुठल्या वस्तीला तिचा शेवट सोड म्हणून सांगू? सगळे छापायचे. वस्तीचं नाव घालून." त्यांनी पानं वाढतील म्हणून सांगितलं. वाढू देत म्हटलं.

सगळे शेवट मिळाले, एक सोडून. सोनं आटवायला सूर्याजवळच्या ग्रहावर गेलेल्या पोराची गोष्ट. ती कुणी ऐकलेलीच नव्हती. रजा संपायला दोन दिवस राहिले तेव्हा मी हरून घरी आलो. आई अंगणात ज्वारी पाखडत होती. मी सहज वाचून दाखवली. तिनं सूप थांबवलं नाही.

"ती व्हय. ती आमच्याच वस्तीवर सांगितली की. लय येळा."

"मग पुढं काय झालं?"

"काय व्हतंय? आलं पोरगं. जेवून गेलं."

"गेलं? परत कशाला गेलं?"

"मीबी तेच ईचारलं तात्याला. म्हनला, वैनी, पानी संपलं. आता निगाय लागतंय."

मी तेवढंच लिहून घेतलं. खाली 'आमची वस्ती' असं घातलं.

पुस्तक छपाईला गेलंय, वर्षश्राद्धाच्या आधी हातात येईल. मी निघालो त्या सकाळी आई फाट्यापर्यंत आली. एकदा छापलं की बदलता येत नाही. "आई, नीट आठव गं. पोरगं खरंच आलं व्हतं न्हवं?"

"आलं व्हतं म्हनते न्हवं," ती म्हणाली. "जा तू, गाडी चुकंल. शेवट हाय माझ्यापाशी."