पाचूबंदर कंट्रोल

पेन्शनवर आलो तेव्हा चंदनसारला फ्लॅट घेतला. बायको म्हणाली, आता तरी एका जागी बसा. बसलो. पण इन्फंट्रीच्या सिग्नल प्लाटूनमध्ये जन्म काढलेला सुभेदार सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून किती दिवस वाद घालणार? मासळीच्या निमित्ताने किनाऱ्यावर, कोळ्यांच्या पाचूबंदरला जाऊ लागलो. तिथल्या पास्कल या तांडेलाशी, म्हणजे बोटीच्या कप्तानाशी, दोस्ती जमली आणि माझं शेवटचं पोस्टिंग त्यानेच काढलं.

काम सांगतो. बोटींच्या जाळ्यांत ऑलिव्ह रिडले कासवं अडकतात. ही जात आधीच संकटात आहे. कासव समुद्रात राहत असलं तरी श्वास हवेतच घेतं. जाळ्यात खाली अडकून राहिलं की अर्धमेलं होतं. आमच्या किनाऱ्यावर त्याला कोणी मारत नाही. हिंदू कोळी हळदकुंकू लावतात, नारळ देतात. ख्रिस्ती कोळी क्रूसाची खूण करतात. आणि दोघेही त्याला ताबडतोब पाण्यात सोडतात. घात तिथेच होतो. छातीत पाणी गेलेलं कासव लगेच सोडलं की पुन्हा बुडतं. त्याला सावलीत, ओल्या गोणपाटाखाली, मागची बाजू जरा उंच करून ठेवायचं असतं. प्रसंगी दुसऱ्या दिवसापर्यंत.

हे तांडेलांच्या गळी उतरवायला मला बर्फातली गोष्ट कामी आली. वरच्या पोस्टवर आमचा नाईक भोसले गारठून पडला होता. पोरं मायेने त्याला उचलून बुखारीला, म्हणजे रॉकेलच्या शेगडीला, चिकटवायला निघाली. मेडिकलवाल्याने सगळ्यांना हाकललं. म्हणाला, घाईने शेकलात तर हातचा जाईल. भोसले जगला. ही गोष्ट ऐकून पास्कल म्हणाला, "म्हंजे माया पन दमानं करायची." मग त्याने ती साऱ्या बंदराला सांगितली.

बोटींवर वायरलेस होतेच. एक सेट जेटीजवळच्या खोलीत माझ्याकडे आला. कासव सापडलं की बोटीचा मला कॉल, माझा वनखात्याच्या डॉक्टरांना फोन. बाकी तांडेल मात्र तळ्यात-मळ्यात होते. स्वतःचं जाळं कापायचं, हातची मासळी घालवायची, वर कासवाची शुश्रूषा करायची. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की पास्कलने रोखून सांभाळलेलं एक तरी कासव धडधाकट परत जाताना दाखवा, मग आम्हीही जाळी कापू. सगळं त्या एका कासवावर येऊन ठेपलं होतं.

लोकांचा पाठिंबा हवा म्हणून मी गणपतीत मंडपामंडपात बोललो, सोसायट्यांच्या ग्रुपवर आवाहनं टाकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, माझा नंबर घेतला, चहा पाजला.

पुढे थंडीत एका रविवारी सकाळी सेट बोलला.

"कंट्रोल, पास्कल. कासव घावलाय. मादी हाय. जिती हाय, पन हालत नाय. ओव्हर."

"पास्कल, कंट्रोल. जाळं काप. सोडू नको. ओव्हर."

"कापला. गोनपाट टाकलाय. आऊट."

ही बातमी ग्रुपवर कोणी टाकली ते शेवटपर्यंत कळलं नाही. बोट लागली तेव्हा जेटी माणसांनी भरली होती. आमच्याच सोसायटीच्या जोगळेकर काकू हळदकुंकू घेऊन आल्या होत्या. बाई मनाच्या फार चांगल्या. माझ्या एकूण एक भाषणाला पुढच्या रांगेत बसलेल्या. एक भावी नगरसेवकही फोटोवाल्यांसह हजर होते. बाकीचे तांडेल लांब उभे राहून बघत होते.

पास्कलने कासव सावलीत ठेवलं. बराच वेळ काहीच नाही. मग तिने मान उचलली आणि एक श्वास घेतला. पास्कल माझ्याकडे बघून हसला. इतका आनंद मला माझ्या प्रमोशनलाही झाला नव्हता. तो गोणपाट भिजवायला बादली घेऊन गेला. डॉक्टरांची गाडी हायवेवर अडकली होती. बाहेर गलका फार, म्हणून मी फोन घेऊन खोलीत गेलो.

तेवढ्यात काकूंनी कुंकू लावलं. कोणीतरी पायाला लाल दोरा बांधला. कासवाने पाय हलवला.

"तडफडतंय हो बिचारं," काकूंचा आवाज आला. "देवाला असं कोरडं ठेवतात का?"

मी दारात आलो तर चौघांनी कासवाला उचललेलं.

"ठेवा खाली. कोणी हलायचं नाही."

या आवाजावर अख्खी प्लाटून जागच्या जागी थांबायची. इथे त्यांना वाटलं, मी फोटोसाठी सांगतोय. ते पायऱ्या उतरले आणि तिला पाण्यात सोडलं. तिने दोनदा पाय मारले आणि खाली गेली. जयजयकार झाला. पास्कल भरलेली बादली घेऊन उभा होता.

काकू माझ्यापाशी आल्या. म्हणाल्या, सुभेदार, तुमच्यामुळे आज हातून पुण्य घडलं. डोळे भरले होते त्यांचे. मला त्यांच्यावर धड रागावताही येईना.

पुढे कळंबच्या किनाऱ्यावरून फोन आला, एक कासव वाहून आलंय. आम्ही गेलो. कावळे आधी पोचले होते. कुंकू धुऊन गेलं होतं, दोरा मात्र तसाच होता. डॉक्टरांनी तपासलं. पोटात अंडी होती.

बंदरावरचे तांडेलही आले होते. त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा वाकून बघत म्हणाला, "उगाच रोखून ठेवली. तवाच सोडली अस्ती तर जगली अस्ती." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी समजवायला तोंड उघडलं, पण पास्कलने माझा दंड धरला.

"र्‍हाऊ द्या, सुबेदार. आता कोन ऐकतंय?"

सुरूच्या झाडांखाली खड्डा खणला. पास्कलने टोपी काढली. मी सावधानमध्ये उभा राहिलो, सवय. फौजेत कामी आलेल्या जवानाच्या गळ्यातला बिल्ला काढून घेतात, घरी कळवता यावं म्हणून. हिचं कळवायचं तरी कोणाला? तरी मी सुरीने दोरा कापला आणि खिशात घातला.

पास्कल अजून समुद्रावर जातो, पण बोटीवरचा सेट लावत नाही. ग्रुपवर तो व्हिडिओ अजून फिरतो, खाली हात जोडलेले. भोसलेची गोष्ट मी आता कुठे सांगत नाही.

दोरा सेटवरच्या खिळ्याला टांगलाय. रोज सकाळी त्याच्यासमोर बसून कॉल देतो: सर्व बोटी, पाचूबंदर कंट्रोल, रेडिओ चेक, ओव्हर. नुसती खरखर येते. ती ऐकून घेतो आणि सेट बंद करतो.