वाढत्या मापाचा टुटू: मुलुंड ते मरोळ

मरोळला जायचं ठरलं ते शुक्रवारी संध्याकाळी, एका अपमानानंतर. माझी मुलगी इरा नववीत आहे आणि सहा वर्षं बॅले शिकतेय. रविवारी क्लासचा कार्यक्रम होता, त्यात तिचा पहिलाच एकटीचा नाच, दीड मिनिटांचा. त्यासाठी शिवून घेतलेला टुटू, म्हणजे बॅलेचा तो कमरेपासून आडवा पसरलेला जाळीचा झगा, तिने तालमीला घातला. इरा गर्रकन फिरली. टुटू जरा मागाहून फिरला. ती थांबल्यावरही तो थोडा पुढे गेला.

"हा नीट बसला नाही, तर ही मागच्या रांगेत," क्लासच्या मिस म्हणाल्या.

चूक माझी होती. टुटू शिवणाऱ्या मरोळच्या फिलोमिना आंटींना माप मी फोनवर दिलं होतं, सगळीकडे दोन-दोन इंच वाढवून. आमच्या घरात कपडा अंगाच्या मापाचा शिवत नाहीत, वाढत्या अंगाचा शिवतात. माझा पाचवीतला युनिफॉर्म मला आठवीत झकास बसायला लागला, तेव्हा शाळेने रंग बदलला होता. घरी आल्यावर इराने टुटू पलंगावर उलटा टाकला. मला फार वाईट वाटलं. मला वाईट वाटलं की मी प्रवासाची आखणी करते.

टुटू घेऊन निघणाऱ्यांसाठी: त्याची घडी होत नाही. सरळ टांगला तर जाळी लोंबते, म्हणून तो उलटा करून, आडवा न्यायचा. शनिवारी सकाळी आम्ही तो चादरीत बांधला. पहिल्या दोन रिक्षावाल्यांनी त्याच्याकडे बघण्याआधीच नकार दिला, त्यांना घाटकोपर नको होतं. तिसरा तयार झाला. एलबीएस रोडने पाऊण तास लागला आणि दीडशेच्या आसपास झाले. टुटू मध्ये बसला, आम्ही दोघी कडेला.

घाटकोपरहून मेट्रो. सामान तपासायच्या मशीनमध्ये टुटू जाईना. तिथल्या बाईंनी बाजूला घेतलं.

"काय आहे ह्यात?"

"झगा."

"हा? घालतात?"

"नाचताना."

त्यांनी चादर उचलून जाळीचे थर एकेक करून बघितले. "मग बसायचं कसं ह्याच्यात?"

"बसायचं नाही," इरा म्हणाली. सकाळपासूनचं तिचं हे पहिलं वाक्य.

मरोळ नाक्याला उतरून गावठाणापर्यंत दहा मिनिटं चालावं लागतं. गल्लीच्या तोंडाशी क्रूस आहे, तिथून पुढे रिक्षा जात नाही, आणि टुटूही डोक्यावर धरल्याशिवाय जात नाही. आंटी पासष्टीच्या आहेत. लग्नाचे गाऊन आणि पोरींचे चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचे फ्रॉक हे त्यांचं मुख्य काम. टुटू त्या कुणाकडे शिकल्या नाहीत. एक जुना फाटका टुटू टाका-टाका उसवून बघितला, एवढंच.

"आधी फुगे खा," त्या म्हणाल्या. "उपाशी पोटाचं माप खोटं येतं."

फुगे म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, आत पोकळ. चहाबरोबर इराने पाच खाल्ले. तोवर आंटींनी खडू घेतला आणि कापायच्या टेबलावर टुटूचा इतिहास काढला.

"पहिले हे असे. पोटरीपर्यंत, मऊ. बाई तरंगते असं वाटायचं, पाय काय दिसायचे नाय. मग पायांची कामं अवघड झाली. एवढं शिकायचं नि कुणाला दिसायचं नाय, तर फायदा काय? मग झगा गेला गुडघ्याच्या वर. मग अजून वर. मग थाळीसारखा आडवाच झाला, आत तारेची कडी घालून. आता काहीजणी कडी पण काढतात, नुसते मऊ थर."

"आणि पुढे?" मी विचारलं.

"पुढे काय? वर जायला आता जागा नाय."

मग त्यांनी इराला टुटू घातला. "ही वरची चोळी मात्र अंगाला चिकटून बसायला पायजे. श्वास घे गो. असा नाय, नाचताना घेतेस तसा." त्यांनी पाठीशी चार बोटं घातली, ती सहज गेली. "हे माप कुणी दिलं?"

मी फुग्यांकडे बघितलं. "वाढत्या अंगाची पोर आहे," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी पण होईल म्हणून..."

"पुढच्या वर्षी मी दहावीत आहे," इरा म्हणाली. "जूनपासून क्लास बंद. तूच म्हणालीस ना."

खरं होतं. आमच्याकडे दहावीच्या वर्षी टीव्ही बंद होतो, लग्नांना जाणं बंद होतं, पाहुणे हळू आवाजात बोलतात. मी क्लास बंद करायचं ठरवलं आणि त्याच आठवड्यात टुटू पुढच्या वर्षाच्या मापाचा शिवायला सांगितला. दोन्ही माझेच निर्णय. मला लाज वाटली.

आंटींनी कात्री उचलली. "मग जादाचं कापड कापून टाकते. एकदाच घालायचा तर आत कशाला ठेवायचं?"

इरा माझ्याकडे बघत नव्हती, आरशाकडेही नाही. ती टेबलावरच्या खडूच्या झग्यांकडे बघत होती.

"कापू नका," मी म्हटलं. "दुसरं काही करता येईल?"

"येईल ना. बॅलेच्या मोठ्या कंपन्यांत एकच टुटू दोघी-तिघी घालतात. पाठीला हुकांची एक रांग, पण ते अडकवायला दोन रांगा. उद्या आतली लावायची, पोर वाढली की बाहेरची."

"दोन रांगा करा."

इरा वळली. "दहावीत?"

"दहावीत. आठवड्यातून एकदा."

"दोनदा."

"दोनदा. पण गणित..."

"आई."

"बरं."

काम दोन तास चाललं. आंटींनी उरलेले फुगे बांधून दिले, ते मेट्रोच्या मशीनमधून बिनबोभाट गेले.

रविवारी इरा फिरली, टुटू तिच्याबरोबर फिरला आणि तिच्याबरोबर थांबला. मी रडले. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी हळूच विचारलं, "तुमची पडली का?"

आता टुटू आमच्या कपाटावर उलटा ठेवलाय. तो तिथे मावत नाही, समोरून हातभर बाहेर येतो. काल माझ्या नवऱ्याच्या डोक्याला लागला.

"हा अजून किती दिवस इथे?" त्याने विचारलं.

"बाहेरची रांग लागेपर्यंत," मी म्हटलं.