क्लेमेंटीनने भांडून आणलेली कचेरी

उमेळ्यात कुणाचं सरकारी काम अडलं, की लोक आधी क्लेमेंटीनच्या ओट्यावर यायचे. शाळा चौथीपर्यंत, पण जीभ वकिलाची. तालुक्याच्या कचेरीत ती शिरली की कारकून फायलीत डोकं खुपसायचे. "साहेब जेवायला गेलेत," असं कुणी म्हटलंच, तर ती साहेबाच्या खुर्चीसमोर बसकण मारायची. "जेवू देत. ढेकर देईपर्यंत बसते."

गरिबाने कचेरीचे उंबरे झिजवायचे कशाला, कचेरीनेच गावात यावं, ही मागणीही तिचीच. त्यासाठी तिने मोर्चा नेला, साहेबाचं टेबल ठोकलं. एक्क्याऐंशी साली खरंच हुकूम निघाला. दर बुधवारी एक कारकून उमेळ्याच्या पंचायतीत बसणार, अर्ज तिथेच घेणार.

कारकून म्हणून आली उर्सुला. गावचीच पोर, नुकती नोकरीला लागलेली. पंचायतीत रांग लागली आणि क्लेमेंटीनचा ओटा ओस पडला. वर येणारेजाणारे सांगत, "उर्सुला किती गोड बोलते गो! आधी बसायला देते, मग काम विचारते."

क्लेमेंटीनच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. उन्हात कोण भाजलं? पोलिसांशी हुज्जत कुणी घातली? आणि गोड कोण, तर उर्सुला!

"तूच मागितलंस ना?" नवरा फेबियन हसायचा.

"मागितलं मी. मिरवते ती."

अशाच एका बुधवारी खाडीकाठची भागूबाई आली. मागेपुढे कुणी नाही. निराधारांच्या अनुदानाचा अर्ज करायचा होता, आणि मुदत त्याच दिवशी संपणार होती.

"पंचायतीत जाऊ का गो?"

"तिथे काय ठेवलंय? मी आहे ना! चल तालुक्याच्या कचेरीत."

म्हातारीचा हात धरून ती ऐटीत निघाली. किती दिवसांनी तिला बरं वाटत होतं.

कचेरीतला कारकून तिला बघून चक्क खूश झाला. "बाई, उमेळ्याचे अर्ज आता इथे घेत नाहीत. तुम्हीच भांडून घेतलंत ना? उर्सुलाबाईंकडे जा. आज शेवटचा दिवस, पळा!" मागे कुणीतरी फिसकन हसलं.

क्लेमेंटीनने म्हातारीचा हात धरला आणि ती दाराकडे वळली.

"मंग आता माजं कसं व्हयाचं?" भागूबाई रडकुंडीला आली.

टांगा हळू हाकतो म्हणून टांगेवाल्याला शिव्या घालत दोघी परतल्या. उर्सुला दप्तर बांधून पंचायतीला कुलूप लावत होती. आवाज चढवावा, सरकारी माणसं वेळेआधी पळतात म्हणून गाव गोळा करावं, असं क्लेमेंटीनच्या अगदी ओठांवर आलं. पण भागूबाई पायरीवर बसून धापा टाकत होती.

"उर्सुला, पोरी," क्लेमेंटीन हळूच म्हणाली, "जरा परत बस गो. हिला मीच भलतीकडे नेली."

उर्सुलाने कुलूप काढलं. भागूबाईला आधी बसायला दिलं. अर्ज लिहिला, अंगठा घेतला. काम झाल्यावर म्हातारीने उर्सुलाच्या गालावरून हात फिरवला. "गुनाची हाय पोर."

 क्लेमेंटीनने भागूबाईला दंडाला धरून उठवलं.

"चल, घरापर्यंत सोडते. तेवढं काही तुझी उर्सुला करत नाही अजून."